नळाला करंट येतो तेव्हा

नाताळ आटोपला की आम्ही घरोघर आशीर्वाद देण्यास निघतो. ओटी, माजघर, आल्तारीचा कोपरा, गोठा असे करीत मंडळी आम्हांला शेवटी न्हाणीघरापर्यंत नेतात, कारण तेथे नवा गीझर बसविलेला असतो आणि तो फादरांनी पाहावा अशी घरच्यांची इच्छा असते. दोन वर्षांमागे एका घरी आजीबाई म्हणाल्या, "फादर, त्या बटणांच्या पेटीवर पण जरा पवित्र पाणी शिंपडा. तिथं फार करंट मारतो." आम्ही हात आवरता घेतला आणि आजीबाईंना सांगितले की, या पेटीला आधी वायरमन दाखवा, मग आम्ही आहोतच. सगळे हसले. आम्हीही हसलो. पण घरी परतताना ते हसू टिकले नाही, कारण 'करंट मारतो' हे वाक्य आम्ही पूर्वी एकदा ऐकून सोडून दिले होते, आणि त्याची किंमत दुसऱ्याच कुणाला मोजावी लागणार होती.

या पानावर आपण रताळ्याच्या वेलांविषयी वाचले, काजूवरच्या ढेकण्याविषयी वाचले, मुलांच्या खोकल्याविषयी वाचले. या वेळचा विषय न्हाणीघरातील विजेचा. आमच्या भागात एके काळी घराघरांत चुलीवर हंडा किंवा परसात तांब्याचा बंब असे. धुराने डोळे जात, हात पोळत, पण बंबाने कुणाला शॉक दिला नाही. आता सरपण महाग झाले, परस उरले नाही, मुलांना सकाळी सातच्या गाडीला जायचे असते. गीझर आला तो गरजेपोटी आला. त्याला नावे ठेवण्यासाठी हा लेख नाही. तो घरात आणताना त्याच्याबरोबर आणखी काय आणावे लागते ते सांगण्यासाठी आहे.

प्रथम आमचीच गोष्ट सांगतो. 2019 सालच्या पावसाळ्यानंतर आमच्या देखरेखीखालील मुलांच्या बोर्डिंगात आम्ही दोन गीझर बसविले. तीन ठिकाणचे दर मागविले आणि सर्वांत स्वस्त होता तो घेतला. पॅरिशचा पैसा म्हणजे गरिबांचा पैसा, तो जपून खर्चावा, असे आम्ही समितीला मोठ्या अभिमानाने सांगितले होते. नोव्हेंबरच्या मध्याला मुले कुरकुरू लागली, "फादर, नळ चावतो." आम्हांला वाटले, थंडीत आंघोळ टाळण्याचे हे नवे निमित्त. मुलांनी मग आपल्यापुरता उपाय काढला. लाकडी पाटावर उभे राहायचे, नळाला कोरडा टॉवेल गुंडाळायचा आणि मग तो फिरवायचा. सहा आठवडे हे चालले. डिसेंबर संपता संपता एका सकाळी सातवीतला एक मुलगा पाट न घेता आत गेला. पाय अनवाणी, फरशी ओली, एका हातात लोखंडी बादली. दुसऱ्या हाताने त्याने नळ धरला आणि हात सुटेना. त्याला ओरडताही आले नाही. बादली पडल्याचा आवाज ऐकून दहावीतला एक मुलगा धावला. तो त्या मुलाला न शिवता सरळ व्हरांड्यात गेला आणि त्याने मेन स्विच खाली ओढला. शाळेत विज्ञानाच्या तासाला सांगितले होते म्हणून, असे त्याने नंतर सांगितले.

मुलगा वाचला. बोटांवर पांढरट डाग राहिले, बाकी काही नाही. पण दवाखान्याच्या बाकावर बसून, त्याच्या आईला काय सांगायचे याची जुळवाजुळव करीत आम्ही जो एक तास काढला, तो आमच्या हिशेबात स्वस्त दराच्या बाजूला मांडायचा राहून गेला होता.

दुपारी दुसऱ्या गावाहून एक अनुभवी वायरमन बोलावला. त्याला तीन दोष सापडले. गीझरच्या आतल्या कॉइलच्या नळीला बारीक चीर गेली होती. सॉकेटमध्ये वरचे मोठे भोक होते, पण त्याच्या मागे वायरच नव्हती. म्हणजे अर्थिंग नुसते दिसण्यापुरते. आणि बटण फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलेले होते. म्हणजे बटण बंद केले तरी गीझरच्या आत वीज हजरच. यांपैकी कोणताही एक दोष एकटा असता तर त्याने बहुधा जीव धोक्यात आणला नसता. तिन्ही एकत्र आले आणि वर पाणी. पुढे जे लिहिले आहे ते बरेचसे या तीन दोषांभोवतीच फिरते.

पहिला प्रश्न मुलांनीच विचारला होता : तोच नळ टॉवेलने धरला तर नुसता चावतो आणि ओल्या हाताने धरला तर सोडत नाही, असे का? आपल्या घरातील पुरवठा 230 व्होल्टचा असतो. माणसाला इजा होते ती अंगातून किती प्रवाह वाहतो त्यावर, आणि किती काळ वाहतो त्यावर. प्रवाह अँपिअरमध्ये मोजतात. अँपिअरचा हजारावा भाग म्हणजे मिलिअँपिअर. सुमारे 1 मिलिअँपिअर प्रवाह गेला तर मुंग्या येतात. 10 ते 15 च्या आसपास हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. 30 च्या वर छातीचे स्नायू आवळू लागतात, श्वास अडतो. त्याहून अधिक, म्हणजे 50 ते 100 च्या पुढे, हृदयाचा ठोका बिघडतो; ते रक्त ढकलण्याऐवजी नुसते थरथरत राहते आणि काही मिनिटांत माणूस जातो.

आता कोरडी कातडी प्रवाहाला चांगला अडथळा करते. हा अडथळा 50,000 ओहम धरला तर 230 भागिले 50,000, म्हणजे साडेचार मिलिअँपिअरच्या आसपास. चिमटा बसतो, माणूस हात मागे घेतो. ओल्या, साबण लागलेल्या अंगाचा अडथळा मात्र 1,000 ओहमपर्यंत उतरू शकतो. मग हिशेब होतो 230 मिलिअँपिअर. नळ तोच, वीज तीच, दोष तोच. फरक एवढाच की, माणूस ओला आहे. म्हणून ज्या नळाचा कोरड्या हाताला चिमटा बसतो, तो नळ ओल्या माणसाला मारू शकतो. 'थोडा थोडा करंट येतो' असे जेव्हा कुणी सांगते, तेव्हा त्यात थोडे काहीच नसते. त्याच घटकेला गीझरचे बटण बंद करावे, मेन स्विचही खाली करावा, आणि वायरमन येईपर्यंत चुलीवर पाणी तापवावे.

सेमिनरीत असताना आम्ही टॉमस मर्टन या अमेरिकन ट्रॅपिस्ट संन्याशाची पुस्तके वाचत असू. मौन आणि प्रार्थना यांवर लिहिणारा हा मोठा लेखक 1968 साली आशियाच्या प्रवासाला निघाला, आपल्या देशातही आला, धर्मशाळेस दलाई लामांना भेटला, आणि डिसेंबरात बँकॉकजवळ मठवासीयांच्या एका संमेलनास गेला. 10 डिसेंबरला सकाळी त्याने भाषण दिले आणि दुपारी तो आपल्या खोलीत मृत आढळला. अंगावर विजेचा उभा पंखा पडलेला होता. तो आंघोळ करून आला असावा आणि सदोष पंख्याला त्याचा हात लागला असावा, असे तेव्हा सांगितले गेले. नेमके काय घडले यावर पुढे पुष्कळ लिहिले गेले आहे. बरोबर 27 वर्षांपूर्वी, 1941 च्या 10 डिसेंबरलाच, तो मठात दाखल झाला होता. सेमिनरीत या तारखांच्या योगायोगावर आम्ही रात्र रात्र बोलत असू. पंख्याच्या वायरविषयी मात्र कुणी एक शब्द बोलल्याचे आठवत नाही.

आता गीझरच्या आत काय असते ते पाहू. टाकीत एक वाकविलेली धातूची नळी असते. नळीच्या मधोमध तापणारी तार, आणि तार नळीला लागू नये म्हणून सभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी भुकटी ठासून भरलेली. हीच ती कॉइल. तार तापते, भुकटीतून उष्णता नळीला आणि नळीतून पाण्याला मिळते, पण वीज भुकटीपाशी थांबते. जोवर नळी धड आहे तोवर सर्व ठीक. आपल्याकडे बोअरचे पाणी जड. त्यातला चुना कॉइलवर जमतो, जसा चहाच्या भांड्याला जमतो तसा. त्या थराखाली नळी अधिक तापते, कालांतराने तिला भेग पडते, भुकटीत पाणी शिरते आणि वीज पाण्यात व टाकीच्या पत्र्यात उतरते. म्हणून बोअरचे पाणी वापरणाऱ्यांनी दोन वर्षांतून एकदा तरी गीझर उघडून कॉइल साफ करून घ्यावी. टाकी गंजू नये म्हणून आत मॅग्नेशियमची एक कांडी असते. ती झिजण्यासाठीच असते, तीही त्याच वेळी बदलावी. 'चालतंय ना, मग कशाला उघडायचं' हे उत्तर आम्ही पुष्कळ घरांत ऐकले आहे. बोर्डिंगातला गीझरही चालतच होता. पाणी छान तापत होते. आणि तो नवा होता, तेव्हा नवेपणावरही भिस्त ठेवू नये.

टाकीत उतरलेल्या या विजेला जमिनीत जाण्यास माणसापेक्षा सोपी वाट करून देणे, हे अर्थिंगचे काम. तीन पिनांच्या प्लगमधील वरची पिन जाड आणि लांब असते ती उगीच नव्हे. लांब असल्यामुळे प्लग घालताना ती सर्वांत आधी जोडली जाते आणि काढताना सर्वांत शेवटी सुटते. ही पिन कापून दोन पिनांच्या भोकात प्लग घालणारे शूर लोक आमच्या पॅरिशमध्ये आहेत, त्यांना आम्ही नावानिशी ओळखतो. सॉकेटपासून हिरवी वायर निघून घराबाहेरील खड्ड्यापर्यंत गेली पाहिजे. खड्ड्यात अडीच-तीन मीटर लांबीचा गॅल्व्हनाइज्ड पाइप उभा पुरलेला, सभोवती कोळसा आणि मीठ, वर पाणी ओतण्यासाठी नरसाळे. शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागू नये. ओली माती वीज वाहून नेते, कोरडी नेत नाही. खानापूरच्या बाजूस जांभा दगड; पावसाळ्यात चिंब आणि एप्रिलात ठणठणीत. जुलै महिन्यात उत्तम असलेले अर्थिंग मे महिन्यात निकामी असू शकते. उन्हाळ्यात झाडांना पाणी घालताना या खड्ड्यातही दोन बादल्या ओताव्यात.

काही वायरमन अर्थिंगची वायर न ओढता सॉकेटमध्येच वरची पिन न्यूट्रलला जोडून देतात. वायर वाचते, खड्डा वाचतो, आणि बल्ब लावून दाखविला तर बल्ब पेटतोही. हा प्रकार अर्थिंग नसण्यापेक्षा वाईट आहे. वाटेत कोठे न्यूट्रल तुटला, आणि वादळवाऱ्यात तो तुटतोच, तर गीझरमध्ये काहीही दोष नसताना त्याच्या सबंध पत्र्यावर 230 व्होल्ट येतात.

बल्बचा विषय निघाला म्हणून सांगतो. फेज आणि अर्थ यांच्यामध्ये 100 वॅटचा बल्ब धरून, तो लखलखीत पेटला की 'फादर, अर्थिंग फस्क्लास' असे सांगण्याची रीत आहे. आमचाही त्यावर विश्वास होता. पण हिशेब करून पाहा. पेटलेल्या 100 वॅटच्या बल्बचा स्वतःचा अडथळा सुमारे 530 ओहम असतो. अर्थिंगचा अडथळा 5 ओहम असो की 50, बल्बच्या उजेडात डोळ्याला फरक दिसणार नाही. गीझरला मात्र फरक पडतो. अर्थिंग 5 ओहमचे असेल तर गळतीच्या वेळी 46 अँपिअर वाहतील आणि 16 अँपिअरचा एमसीबी थोड्या वेळाने का होईना पडेल. 50 ओहमचे असेल तर वाहतील जेमतेम साडेचार अँपिअर. एमसीबीला वाटेल, कुणी इस्त्री लावली आहे. तो पडणार नाही, आणि गीझरचा पत्रा तासन् तास जिवंत राहील. म्हणून अर्थिंग मोजावे ते मापनयंत्राने. आणि बल्बचा हा प्रयोग घरी कुणी करू नये.

यावरून ध्यानात येईल की, एमसीबी किंवा जुना फ्यूज माणसासाठी नसतोच. तो वायर जळू नये म्हणून असतो. 16 अँपिअरवर तो विचार सुरू करतो, आणि माणसाला अँपिअरचा दहावा भाग पुरतो. माणसासाठी असते ते दुसरे यंत्र : आरसीसीबी. जुने लोक त्याला ईएलसीबी म्हणतात. त्याचे काम आमच्या दानपेटीच्या हिशेबासारखे आहे. फेजमधून जितका प्रवाह गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला पाहिजे. कमी आला, तर मधला कुठे तरी, कुणाच्या तरी अंगातून, जमिनीत गेला. घरासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी घ्यावा. एवढी गळती झाली की तो सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत पुरवठा तोडतो. गळती मोठी असेल तर 40 मिलिसेकंदांत, म्हणजे हृदयाच्या एका ठोक्यापेक्षाही लवकर. अर्थिंग चांगले असेल तर गीझरमध्ये गळती सुरू होताच, कुणी हात लावण्याआधीच, तो पडतो. अर्थिंग खराब असेल तर माणसाला झटका बसतो, पण त्याच क्षणी वीज जाते. दोन्ही असावीत. एकाच्या बदली दुसरे चालत नाही. आणि एका हातात फेज, दुसऱ्या हातात न्यूट्रल असे कुणी धरले तर आरसीसीबीला काही कळत नाही, कारण त्याचा हिशेब बरोबर जुळतो.

चांगल्या बनावटीचा आरसीसीबी दोन-तीन हजार रुपयांच्या आत मिळतो. त्यावर 'टी' अक्षराचे एक लहान बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबावे. कळ खाली पडली पाहिजे. आमच्याकडे पहिल्या शुक्रवारच्या मिस्सेनंतर आमचा संक्रिस्तान हे काम करतो, म्हणजे विसरत नाही. काही घरांत आरसीसीबी वारंवार पडतो म्हणून त्याला बगल देऊन वायर जोडून घेतलेली आम्ही पाहिली आहे. कुत्रा भुंकतो म्हणून त्याचे तोंड बांधावे, तसे हे झाले. तो पडतो म्हणजे कुठे तरी गळते आहे. एकेक यंत्र बंद करून पाहिले की गळणारे सापडते. बहुधा ते गीझर किंवा पाण्याचा पंप असते.

बटण कसले असावे याविषयी थोडे. साधे बटण एकच तार तोडते. ती फेजची असली तर ठीक. आमच्या बोर्डिंगात ती न्यूट्रलची निघाली. गीझरला डीपी स्विच घालावा, तो दोन्ही तारा एकदम तोडतो. पंचवीस लिटरचा गीझर सहसा 2 किलोवॅटचा असतो, तो पावणेनऊ अँपिअर ओढतो. तीन किलोवॅटचा 13 अँपिअर. दिव्या-पंख्याच्या 6 अँपिअरच्या सॉकेटवर तो लावणे म्हणजे आगीला बोलावणे. 16 अँपिअरचे सॉकेट, मेन बोर्डापासून स्वतंत्र वायर, ती तांब्याची आणि किमान अडीच चौरस मिलिमीटरची. मोठ्या गीझरला चारची.

हा स्विच न्हाणीघराच्या बाहेर असावा. ओल्या माणसाचा हात पोहोचेल तेथे कळ किंवा सॉकेट असू नये, इतके साधे हे तत्त्व आहे. आंतरराष्ट्रीय नियमांत शॉवरच्या जागेपासून जमिनीवर सव्वादोन मीटर उंचीपर्यंतचा आणि आजूबाजूस आणखी 60 सेंटिमीटरचा भाग विशेष धोक्याचा मानतात. इंग्लंडात न्हाणीघरातला दिवादेखील छताला टांगलेल्या दोरीने ओढून लावतात, ते यासाठीच. आपल्याकडे न्हाणीघर चार फूट बाय पाच फूट. त्यात 60 सेंटिमीटर मोजू लागलो तर भिंतच संपते. म्हणून स्विच बाहेर, गीझर शक्य तितका उंच आणि शॉवरचे पाणी उडणार नाही अशा भिंतीला. नळ व पाइप लोखंडी असतील तर तेही हिरव्या वायरने अर्थिंगला जोडून घ्यावेत. जुन्या चाळींतून एका घरचा गीझर गळला आणि शेजारच्या घरचा नळ चावला, असे होते ते याच पाइपांमुळे.

आणि पाणी तापले की गीझर बंद करावा, मगच आंघोळीला जावे. वीस अंशांचे पंचवीस लिटर पाणी साठ अंशांपर्यंत तापविण्यास 2 किलोवॅटच्या गीझरला 35 मिनिटे लागतात. तापलेले पाणी टाकीत बराच वेळ गरम राहते. बंद करून आंघोळ केल्याने आंघोळ थंड होत नाही. मात्र साठ अंशांचे पाणी काही सेकंदांत कातडी सोलते; लहान मुलांना व आजी-आजोबांना आधी बादलीत थंड पाणी घालून मग त्यात गरम घालावे.

गरिबाघरी गीझर नसतो, रॉड असतो. तीन-चारशे रुपयांत मिळणाऱ्या या रॉडविषयी आम्हांला खरी काळजी वाटते, कारण त्यात पाणी आणि वीज यांच्यामध्ये त्या पातळ नळीखेरीज काही नाही. बादली प्लास्टिकची घ्यावी. रॉड खुणेपर्यंत पाण्यात बुडवून मग बटण लावावे. पाणी तापले का हे पाहण्यासाठी त्यात बोट घालण्याची सवय सर्वांत घातक. आधी बटण बंद, मग प्लग ओढून बाजूला, मग बोट. या क्रमात कधीही बदल नको, घाई असली तरी नको. रॉड लावून मुलांना त्या खोलीत एकटे सोडू नये. विकत घेताना आयएसआय चिन्ह पाहावे.

अलीकडे बाजारात नळालाच जोडायचा प्लास्टिकचा गरम पाण्याचा नळ येतो. ब्राझीलमध्ये घरोघरी शॉवरच्या तोंडातच असा हीटर असतो, पण तो पुष्कळदा साडेपाच किलोवॅटचा किंवा त्याहूनही मोठा, स्वतंत्र जाड वायरीवर बसवायचा, आणि त्याचे अर्थिंग करावेच लागते. आपल्याकडे तो तीन किलोवॅटचा नळ साध्या प्लगवर लावून ओट्याजवळ बसवितात. आमचे स्पष्ट मत आहे, तो घेऊ नये.

गॅस गीझरला विजेचा धोका नाही, पण त्याचा धूर न दिसणारा असतो. बंद न्हाणीघरात त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो. वास नाही, रंग नाही, आणि आत गेलेले माणूस बाहेर येत नाही. तो यंत्रसंच न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेतच बसवावा. त्यावर पुढे कधी स्वतंत्र लिहू.

शेतावरच्या पंपालाही वरचे सर्व लागू आहे, किंबहुना अधिक. अनवाणी पाय चिखलात, हात स्टार्टरच्या लोखंडी पेटीवर. यापेक्षा ओले न्हाणीघर कोणते? पेटीला व मोटारीला वेगवेगळ्या दोन वायरींनी अर्थिंग हवे, आणि पेटीसमोर कोरडी फळी.

आता, हे सर्व करूनही कुणाला शॉक बसलाच तर काय करावे. त्या माणसाला हात लावू नये. आमच्या दहावीतल्या मुलाने केले तेच करावे : मेन स्विच. तो दूर असेल तर कोरड्या लाकडाने, प्लास्टिकच्या खुर्चीने त्याला तारेपासून ढकलावे; स्वतः कोरड्या जागी उभे राहून. सुटल्यावर तो बोलत नसेल, हाक मारून हलत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल तर एकाने 108 किंवा 112 ला फोन करावा आणि दुसऱ्याने लगेच छाती दाबण्यास सुरुवात करावी. उताणे निजवून, छातीच्या मधोमध, एका तळव्यावर दुसरा तळवा ठेवून, कोपर ताठ ठेवून, सुमारे 5 सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा. शिकलेला कुणी असेल तर दर 30 दाबांनंतर तोंडाने दोन श्वास द्यावेत. नसेल तर नुसते दाबत राहावे, दमल्यास दुसऱ्याने घ्यावे, रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नये. अंगाला माती किंवा शेण लावणे, खड्ड्यात पुरणे, नाकाला कांदा लावणे हे प्रकार खेड्यापाड्यांत अजून होतात. जी चार-पाच मिनिटे जीव वाचविण्याची, ती खड्डा खणण्यात जातात. आम्हांला तेलविधीसाठी जरूर बोलवा, आम्ही रात्री-अपरात्री येऊ. पण आधी छाती दाबा आणि 108 ला फोन करा, आम्हांला त्यानंतर. शॉक बसलेला माणूस लगेच उठून बसला तरी त्याला दवाखान्यात न्यावे आणि हृदयाचा आलेख काढून घ्यावा. बाहेर लहानसा डाग दिसतो, आत स्नायू भाजलेले असू शकतात. लघवी काळपट झाली तर एक तासही दवडू नये.

बोर्डिंगात आता दोन्ही गीझर नवे आहेत, आरसीसीबी आहे, खड्डा आहे, आणि मुलांनी 'नळ चावतो' म्हटले तर कुणाही शिक्षकाने प्रथम मेन बंद करावा असा लेखी नियम आहे. तो मुलगा पुढे शिकण्यास धारवाडला गेला. मेन ओढणाऱ्या मुलाला आम्ही काही बक्षीस देऊ केले होते. त्याने क्रिकेटची बॅट मागितली.

आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर, अर्थिंग मोजण्याचे यंत्र घेऊन एक परवानाधारक वायरमन पॅरिश हॉलमध्ये येणार आहेत. ज्यांना आपल्या घरचे अर्थिंग मोजून घ्यायचे आहे, त्यांनी त्याआधी ऑफिसात नावे द्यावीत. वाड्यावाड्यांप्रमाणे दिवस ठरवून देऊ. मोजणीचा खर्च पॅरिश करील, सामानाचा ज्याचा त्याने करावा. विधवा व एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरचा सामानाचा खर्च सेंट व्हिन्सेंट डी पॉल मंडळाकडे मागता येईल. शिडी प्रत्येकाने स्वतःची द्यावी, आणि ती लाकडाची असावी.